बाहीला लागलेला लाल

गुनिल्ला: अहो हिल्डिंग, चाकू मुठीपर्यंत आत गेला की!

हिल्डिंग: फळीत गेला. फळीचं काय एवढं.

सिग्ने: लोण्यात जावा तसा गेला. आता आडपडदा नको, स्पष्ट सांगा. खुराडं पाडावं लागणार ना? अकरा कोंबड्या घेऊन मी कुठे जाऊ?

हिल्डिंग: सिग्नेबाई, पन्नास वर्षं सुतारकाम केलंय मी. तळाचा ओंडका बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. ओंडका शाबूत, तर खुराडं शाबूत.

सिग्ने: आणि कुजला असेल तर?

हिल्डिंग: तर थंडीपुरतं जळण झालं.

गुनिल्ला: उचलली जीभ लावली टाळ्याला! माझ्या भावाच्या हातची शेवटची वस्तू आहे ती. हे बांधून झालं आणि त्याच हिवाळ्यात तो गेला.

हिल्डिंग: म्हणून तर कोड्यात पडलोय. आल्वारनं प्रत्येक फळी खालून तिरकी कापलीय, पाणी निथळून जावं म्हणून. मग एवढी ओल आली कुठून? हे मुंगळे बघा, फळीमागून भुसा काढतायत. कोरड्या लाकडात ते बिऱ्हाड करत नाहीत. थांबा थांबा. हा रंग सोलून निघतोय.

सिग्ने: जुना झाला असेल.

हिल्डिंग: आपला घरी शिजवलेला लाल रंग जुना झाला की भुकटी होऊन झडतो. केळ्याच्या सालीसारखा निघत नाही. हे प्लास्टिक आहे! कोणी फासलं हे?

सिग्ने: डब्यातच काहीतरी गडबड असेल. तुम्ही ओंडका बघा बरं आधी.

गुनिल्ला: वहिनी, थांब. मी फासलं.

हिल्डिंग: तुम्ही? या गावात जन्मून?

गुनिल्ला: तीन वर्षांपूर्वी. वहिनी खुब्याच्या ऑपरेशनला गेली होती ना, तेव्हा. म्हटलं, घरी येईल तेव्हा खुराडं लखलखीत दिसू दे. रंग शिजवायचा म्हणजे चूल पेटवा, पिठाची पेज करा, हिराकस आणि लाल माती घाला, दिवसभर ढवळत बसा. एकटीनं होईना. दुकानदार म्हणाला, हा डबा घ्या, दहा वर्षं बघायला नको.

हिल्डिंग: नाव मोठं, लक्षण खोटं. आपल्या रंगातून लाकूड श्वास घेतं. यानं लाकडाला रेनकोट घातला. आतल्या आत घामानं भिजून कुजलं बिचारं.

गुनिल्ला: पुढच्याच वर्षी फुगवटे दिसले मला. तेव्हापासून मूग गिळून बसले. वहिनी, तू विचारलंस तेव्हा खोटंही बोलले. नेहमीचाच लाल आहे म्हणाले. आता ओंडका गेला असेल तर मी तुला तोंड कसं दाखवू?

सिग्ने: हिल्डिंग, ओंडका.

(हिल्डिंग पालथा झोपून खुराड्याखाली हात घालतो. खालून चाकूची टकटक ऐकू येते.)

गुनिल्ला: काय झालं? बोला ना हो!

हिल्डिंग: टोक मोडलं.

सिग्ने: कशाचं?

हिल्डिंग: चाकूचं. हा ओंडका नाही, लोखंड आहे. आणि खाली... अरे देवा. आल्वार, काय माणूस होतास!

सिग्ने: काय आहे खाली?

हिल्डिंग: बर्च झाडाची साल. दगड आणि ओंडका यांच्यामध्ये तीन पदरी घातलीय. वर डांबर, तेही दोनदा चोपडलेलं. जमिनीतली ओल वर चढायला वाटच नाही. आपले आजे घरांना असं करायचे. खुराड्याला कोण करतं?

सिग्ने: तो करायचा. मी हसले होते तेव्हा. म्हटलं, कोंबड्यांना राजवाडा बांधतोयस का? तो म्हणाला, वरचं कुणीही बदलेल, खालचं कुणी बघत नाही.

गुनिल्ला: म्हणजे पाडायचं नाही?

हिल्डिंग: पाच फळ्या बदलू. हे प्लास्टिक खरवडून काढू. भिंतीला टेकलेलं गवत उपटा, वारा खेळू दे. आतून फटीफटीत चुना, तिथेच कोंबड्यांचं रक्त पिणारे लाल किडे दबा धरून बसतात. आणि बाहेरून रंग. शिजवलेला!

गुनिल्ला: जीव भांड्यात पडला गं बाई. वहिनी, तू रागावली नाहीस?

सिग्ने: मला माहीत होतं.

गुनिल्ला: काय माहीत होतं?

सिग्ने: सगळं. दवाखान्यातून आले त्याच दिवशी. काठी सावरताना भिंतीला टेकले, आणि बाही स्वच्छ! आपल्या रंगाला टेकून कोणाची बाही स्वच्छ राहिलीय?

गुनिल्ला: आणि तीन वर्षं बोलली नाहीस? इथे माझी झोप उडालीय!

सिग्ने: तू रोज सकाळी तुझा दुखरा गुडघा घेऊन माझ्या कोंबड्यांना दाणे घालायला येत होतीस. कुठल्या तोंडानं बोलू? पण चुकलं माझं. तुला वाईट वाटू नये म्हणून आल्वारचं खुराडं कुजू दिलं मी.

हिल्डिंग: दोघी सारख्याच. मध्ये मुंगळ्यांची चंगळ झाली. कॉफी मिळेल का आता?

(तीन आठवड्यांनी, रंग वाळल्यावर.)

सिग्ने: गेल्या का सगळ्या आत?

गुनिल्ला: अकराच्या अकरा. दारात थबकल्या मेल्या, चुन्याकडे बघत बसल्या. परक्याच्या घरी आल्यासारख्या.

हिल्डिंग: रंग चांगला शिजलाय. गुनिल्लाबाईंनी दिवसभर ढवळला, हात गळून गेले.

गुनिल्ला: तुम्ही खुर्चीत बसून सूचना केल्यात, ते सांगा ना.

सिग्ने: गुनिल्ला, भिंतीला टेक बघू.

गुनिल्ला: अगं, जाकीट नवं आहे.

सिग्ने: म्हणूनच तर. टेक.

गुनिल्ला: हं. टेकले. लागलं?

सिग्ने: खांद्यापासून कोपरापर्यंत.

गुनिल्ला: झालं! हे आता जन्मात धुऊन निघायचं नाही.

सिग्ने: नाहीच निघत. आल्वारच्या निळ्या सदऱ्याची बाही अजून तशीच लाल आहे, माझ्या कपाटात.