संध्याताईंची बदली

संस्था काढायची हौस असंल तर आधी आमचं ऐका. कळमनुरीत सुटी कामं करणाऱ्या आमी नऊ जणांनी संस्था काढली. नियम एकच: कुणी आजारी पडलं, की दुसऱ्यानं त्याचं काम निभवायचं.

पहिल्याच महिन्यात मेंदीवाल्या संध्याताई तापानं पडल्या. मोकळा होता फक्त मारोती पेंटर. मी म्हणलं, "हात सुबक हाय तुझा, तूच जा."

मारोतीनं नवरीला झकास मेंदी काढली अन् सवयीनं खाली सही ठोकली: मारोती.

मांडवात नवरदेव मेंदीत आपलं नाव शोधून राहिला, तर हे सापडलं. "कोण हा मारोती?" तो ओरडला. बँड थांबला.

नवरी शांतपणे म्हणाली, "पेंटर हाय. तुमच्या गाडीच्या नंबरप्लेटवर बी त्याचीच सही हाय. गाडी काय त्याची झाली व्हय?"