तीन महिन्यांची साखर

लॅबबाहेरच्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आईचे कान शेजारच्या आजी-आजोबांकडेच लागले होते. आजोबांचा रिपोर्ट आजींच्या हातात होता.

"अहो, उपाशीपोटीची साखर अगदी गुणी निघाली."

"निघणारच! तीन दिवस बिस्किटाकडे बघितलंसुद्धा नाही मी."

"केवढा हा त्याग! मग खाली ही एचबीएवनसी नऊ कशी?"

"मशीन बिघडलं असेल."

"मशीन ठीक आहे, नवरा बिघडलाय. आत विचारून आले मी. साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि पेशी असेपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, सुटत नाही. त्यामुळे तीन महिन्यांची सरासरी कळते."

"तीन महिने? म्हणजे बँकेमागच्या बेकरीतलंसुद्धा?"

"कुठली बेकरी?"

आजोबा चष्मा पुसू लागले.

"पुसा, पुसा. मोतीबिंदू काचेवरच बसलाय ना! साखर उतरल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही, असं बजावलंय डॉक्टरांनी. गेलं ऑपरेशन पुन्हा पुढं."

"अगं, दुकानात घड्याळाचे स्क्रू दिसत नाहीत मला. गिऱ्हाइकं परत जातात."

"बेकरी बरी दिसते!"

आजोबा बाळाकडे वळले.

"केवढं आहे गं?"

"आजच तीन महिन्यांचा झाला."

"ऐकलंत? हा जन्मल्यापासून तुम्ही काय काय हाणलंत, ते सगळं या कागदावर आहे. आता हा बसायला लागेल, तेव्हा पुढची तपासणी. तोवर बेकरी बंद."

आजोबांनी बाळाचं बोट हलकेच धरलं.

"लवकर बसायला शिक रे, बाबा."