दहा टायर आणि दादा

...आणि वर मलाच म्हणतात, तुम्ही आठवणी सांगा! काय सांगू? आमच्या दादाबरोबर एका ट्रकवर बावीस वर्षं काढली, कधी तो चालवायचा, कधी मी, आणि तुम्हाला सांगतो, त्यातली निदान चार वर्षं मी नुसता त्याची वाट बघत बसलो. खोटं वाटतं? वहिनींना विचारा!

दादाची एक खोड. निघायच्या आधी सीटखालची लोखंडी टामी काढायची आणि दहाच्या दहा टायर ठोकून बघायचे. हवा असली की टायर टण्ण बोलतो, नसली की भद्द. सगळेच ड्रायव्हर ठोकतात हो, मीही ठोकतो. पण सकाळी ठोकले ना? मग चहाला पाच मिनिटं थांबलो की परत दहा? मी आतून ओरडायचो, "दादा, गोदाम बंद होईल, मालक बोंबलतोय!" तर हा चौथ्या टायरवरची मान वर न करता म्हणायचा, "घाई कुणाला आहे?" अरे, मला आहे! मागे हॉर्न वाजवणाऱ्या अख्ख्या रांगेला आहे!

महिन्यातले वीस दिवस आम्ही बाहेर. ह्याची धाकटी लेक चालायला लागली, ते ह्यानं पाहिलंच नाही. एका पंपावरून घरी फोन लावला आणि वहिनींना म्हणाला, "रिसीव्हर जमिनीवर ठेव आणि तिला चालव." कान लावून उभा! मागे आठ ड्रायव्हर ताटकळलेले, एकजण म्हणाला, "उस्ताद, बायकोशी गप्पा पुरे!" ह्यानं हातानंच गप्प केलं त्याला. "घाई कुणाला आहे?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पाऊल दमदार पडतंय रे." टायर ठोकल्यासारखं!

गेल्या महिन्यात दादा गेला. दुपारी खुर्चीत बसून चहा मागितला, आणि वहिनी चहा आणेपर्यंतसुद्धा थांबला नाही. आयुष्यात एकदाच घाई केली, तीही नको तिथं!

धाकटी परगावी नोकरीला. कळल्याबरोबर निघाली, पण वाटेत बस बंद पडली. दुसऱ्या दिवशी इकडे स्मशानात न्यायला गाडी येऊन उभी, आणि थोरलीचे सासरे, फार शिस्तीचा माणूस, घड्याळ ठोकत म्हणाले, "पाचनंतर तिकडे कुणी नसतं. पोरगी समजून घेईल." समजून घेईल? बापाचं तोंड नाही दिसलं, हे समजून घेईल? वहिनी रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिल्या.

दादाला गाडीत ठेवलं. ड्रायव्हरनं चावी फिरवली. मी म्हटलं, "थांब."

घरात गेलो, दादाची टामी आणली. पहिला टायर, टण्ण. दुसरा, टण्ण. तिसऱ्याशी वाकलो, कान लावला, म्हटलं, "हवा नाही. बदल."

"काका, सकाळीच भरलीय!"

"चाळीस वर्षं गाडी हाकलीय मी. मला शिकवतोस? काढ जॅक!"

सासरेबुवा लालबुंद. "अहो, काय चाललंय? उशीर होतोय!"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं... काय निघणार दुसरं? "घाई कुणाला आहे?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडल्या की हसल्या, कोण जाणे.

पाऊण तास लावला. शेवटचा नट तर मी स्वतः आवळला, सैल केला, परत आवळला... तेवढ्यात कोपऱ्यावर टॅक्सी थांबली. धाकटी पळत आली, चपला हातात. बापाजवळ बसली. मग निघाली गाडी.

नंतर मला म्हणाली, "काका, नशीबच! टायरमध्ये हवा नव्हती म्हणून भेटले तरी." मी म्हटलं, "हं."

टायर खणखणीत होता हो! चाळीस वर्षांत टायरबद्दल कधी खोटं बोललो नव्हतो.

टामी आता माझ्याकडे असते. काल बायकोला डॉक्टरकडे न्यायचं होतं. स्कूटरला चाकं दोन, दोन्ही ठोकली, आणि मागचं खरंच भद्द बोललं! म्हटलं, "हवा नाही गं."

तर म्हणते कशी, "हो का? आज कोण यायचं राहिलंय?"

...गेलो ढकलत.