एकाच सुराच्या सहा फायली

नाव : पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंदवले आहे, नाटकवाले ‘पियानोताई’ म्हणतात. वय : ४७ वर्षे. धंदा : नाटकांना संगीत देणे. राहणार : नाट्यगृहामागची गल्ली, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी वडिलांसोबत राहते. वडील चाळीस वर्षे व्हायोलिन वाजवत. दोन वर्षांपूर्वी हात थरथरू लागला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हात फार दिवस साथ देणार नाही. मग आम्ही कपाटात गाद्या लावून त्यांचा एकेक सूर रेकॉर्ड केला. हळू, मध्यम, जोरात, आणि प्रत्येक प्रकार सहा वेळा. माणूस एकच सूर दोनदा सारखा वाजवत नाही, म्हणून सहा. कीबोर्डवर बोट ठेवलं की त्या सहांतला एक आळीपाळीने वाजतो. आता त्यांचा उजवा हात उचलला जातही नाही. ‘निकामी झाला गं,’ असं ते म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

जुना कॉम्प्युटर एवढे सूर उघडताना धापा टाकायचा. म्हणून गेल्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार रंगीत दिवे लागणारं गेमिंगचं मशीन गळ्यात मारायला बघत होता. मी म्हटलं, ‘दादा, मला गेम खेळायचा नाही. चौसष्ट जीबी रॅम द्या, वाद्यांसाठी वेगळी फास्ट डिस्क द्या, आणि पंखा असा द्या की माईकला ऐकू येणार नाही.’ तो म्हणाला, ‘ताई, तुम्हाला बरंच कळतं की!’ मी म्हटलं, कळावंच लागतं. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर घालून देतो असं तो म्हणाला, म्हणून जुनं मशीन त्याच्याकडेच ठेवलं.

आज शनिवारी सकाळी दहाला नवं मशीन घरी आलं. पंखा शांत, सूर चटकन उघडले. मी वडिलांना समोर बसवून एक संथ चाल वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘हा मी नाही.’ मी फोल्डर उघडलं. प्रत्येक सुराच्या सहा फायलींच्या जागी एकच शिल्लक होती.

दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, ‘सारख्या नावाच्या, सारख्या साइजच्या फायली होत्या, नव्यावर घालताना डुप्लिकेट म्हणून गाळल्या. मशीन पळायला हवं ना, ताई!’ फायली सारख्या लांबीच्या मीच कापल्या होत्या. दुसरी प्रत का नव्हती, असं इथल्या साहेबांनी विचारलं. आज करू, उद्या करू म्हणत राहिले. अक्कल गहाण टाकली होती, तसंच लिहा.

साडेअकराला मी दुकानात गेले. मागच्या खोलीत जुन्या डिस्कचं खोकं आहे. त्यात माझ्या जुन्या मशीनची, सगळे सूर असलेली डिस्क मला दिसली, तिच्यावर मी निळ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला आहे. मी हात घातला तर दुकानदाराने खोकं ओढून घेतलं. ‘यात दुसऱ्या गिऱ्हाइकांचाही माल आहे, कोण कुठली उचलेल! उद्या सकाळी भंगारवाला नेणार, तो सगळ्या चिरडतो.’ मी दीड तास तिथेच उभी राहिले. त्याने शटर ओढलं तेव्हा तडक इथे आले.

माझी दुकानदाराविरुद्ध तक्रार नाही. त्याला बेड्या घालू नका. फक्त आत्ता एक शिपाई माझ्यासोबत द्या आणि ते खोकं उघडायला लावा. उद्या या, असं मला सांगू नका. गाडी नसेल तर मी चालत पुढे होते. वडील सोबत यायचं म्हणून पायात बूट घालून खुर्चीत बसले आहेत, डिस्क घेतल्याशिवाय मी घरी जाणार नाही.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, मी ऐकला. मालाच्या वर्णनात ‘एक जुनी निकामी डिस्क’ असं होतं. त्यातला ‘निकामी’ हा शब्द मी खोडायला लावला आणि शेजारी सही केली. बाकी सगळं मी बोलले तसंच आहे.