‘ट्राय करतो’ नव्हे

डोळ्यांच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या तारखा बदलून देणाऱ्या खिडकीपुढे रांग खोळंबली होती. माझ्या पुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटीचा फोन थरथरला आणि तिच्यापुरता रांगेतला सगळा शिणवटा विरून गेला.

“ताई! दादाचा मेसेज!”

“ट्राय करतो, असंच ना? त्याच्या ‘ट्राय’पायी आईचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं. तो समोर असल्याशिवाय ती टेबलावर चढायची नाही, आणि ह्याला काही जहाजावरून सुट्टी मिळत नाही.”

“अगं, ऐक तरी!”

“ट्राय दुकानात करतात. अंगात घालायचं, आरशात बघायचं, परत खुंटीला. ‘प्रयत्न करतो’ म्हणाला असता, तर निदान साहेबांपुढे हात तरी जोडले असतील असं वाटलं असतं.”

“ह्या वेळी ट्राय नाहीच! ‘शनिवारी सकाळी येतो’ असं लिहिलंय.”

“नीट वाच. मागेपुढे ‘बहुतेक’ असेल.”

“नाही गं बाई! नुसतं ‘येतो’. आणि खाली लिहिलंय, ‘आईला सांग.’”

“आईला सांग?”

“हो!”

“दर वेळी ‘आईला सांगू नकोस’ असायचं.”

“तेच तर म्हणतेय मी मघापासून!”

“आण इकडे तो फोन. मला वाचू दे.”

“रडतेस काय, वेडे? आपला नंबर आला.”

खिडकीतून बाईंनी कार्ड मागितलं.

“सोमवारचं ऑपरेशन दिसतंय. बदलून कुठली तारीख देऊ?”

“सोमवारच राहू दे.”