वारा पडेपर्यंत

डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स पट्ट्या कापत होती, पण कान मात्र बाकावरच्या जोडप्याकडे होते. दोन्ही डोळे बांधलेला म्हातारा मच्छीमार आणि त्याची बायको.

“वारा पडला का गं?”

“कुठला पडतोय! नुसता घोंघावतोय.”

“मग होड्या?”

“सगळ्या काठावर. तुमच्यावाचून कोण निघतंय?”

“वारा पडला, पाणी निवळलं, की कुपा मासा वर येतो. त्याच्यावर पाखरं घिरट्या घालतात. ती आधी मलाच दिसायची.”

“दिसतील हो. पट्टी तर सुटू द्या.”

“तोवर हंगाम सरला तर?”

“वारा आहे म्हटलं ना! विचारा सिस्टरना.”

नर्सने बंद काचेबाहेर पाहिलं. दोरीवरच्या चादरी ढिम्म हलत नव्हत्या.

“आहे, काका. चांगलाच सुटलाय.”

“मग खिडकी उघडा की, बाई. जरा तोंडावर घेतो.”