आजीची बाजू

आई : केस जातायत तर जाऊ देत ना. जावळच आहे ते. तुझंही असंच गेलं होतं, मागून पार चमनगोटा.

केतकी : सगळीकडून नाही गं आई. एकाच बाजूने, उजवीकडून. आणि तिथलं डोकं हाताला सपाट लागतं.

आई : तेल जिरव. मी सांगितलं तसं, तळहाताने गोल गोल. डोकं घडवावं लागतं बाळाचं. मोहरीची उशी घेतेस ना?

केतकी : घेते.

आई : मग घडेल. हे बघ, फोनमध्ये माझ्याकडे कशी टक लावून बघतेय! ठमाबाई, आजी कुठाय? आजी मिरजेत! एवढं गोड हसणारं पोर, आणि तू आपली सकाळपासून डॉक्टर डॉक्टर करतेस.

केतकी : तुझ्याकडे बघतेच. दुसरीकडे बघत नाही, असं म्हणतेय मी.

सरलाकाकू : केतकी, चहाची गाळणी कुठे ठेवतेस गं?

आई : कोण आहे तिथे?

केतकी : सरलाकाकू. यशोधनच्या काकू, दिल्लीतल्याच, आर. के. पुरमच्या. आत्ताच आल्यात. काकू, डावीकडच्या ड्रॉवरमध्ये बघा.

सरलाकाकू : मिली, मिली गाळणी. विहीणबाई, नमस्कार! वैशालीपर्यंत मेट्रो, पुढे ई-रिक्षा, आणि मग तुमच्या लेकीच्या गेटवर गार्डने इंटरव्ह्यू घेतला माझा. 'किससे मिलना है, किसलिए मिलना है.' म्हटलं, अरे भैया, नातीला भेटायला कारण लागतं का?

आई : बरं झालं आलात. मला यायचं होतं हो. पण केतकीला सातवा लागला आणि इकडे यांना अर्धांगाचा झटका आला. तिला माहेरी आणता येईना, मला तिकडे जाता येईना. मग म्हटलं, फोनवरून करायचं बाळंतपण. सकाळी जो लावतो तो झोपतानाच ठेवतो. डिंकाचे लाडूसुद्धा मी इथे बसून तिच्याकडून वळून घेतले.

सरलाकाकू : लाडू फर्स्टक्लास झालेत, खाल्ला मी एक. पण विहीणबाई, एक विचारू? हा फोन नेहमी याच बाजूला असतो का? असाच, उशीला टेकवून?

केतकी : चार्जरची वायर तिथवरच पोचते, काकू. पलीकडे भिंत आहे.

सरलाकाकू : अच्छा. चलो, जरा बघू. देविका! ए देविकाराणी! इकडे, भिंतीकडे बघ. काय वाजतंय? खुळ खुळ खुळ... केतकी, बघितलंस? डोळे वळले, मान नाही वळली.

आई : समोर आजी दिसत असताना खुळखुळ्याकडे कोण बघेल?

सरलाकाकू : ठीक आहे, मग फोन पालथा घालते दोन मिनिटं.

आई : अहो, पालथा कशाला? मला नुसता अंधार दिसतोय आता. ठमे, ए ठमे, काय करतायत तुला?

सरलाकाकू : आणि तुम्ही बोलूही नका ना, प्लीज. तुमचा आवाज आला की ती तिकडेच बघणार. देविका, इकडे बेटा... नाही वळत. हनुवटीला हात लावून हलकेच वळवलं तर कुरकुरते. केतकी, हिला डॉक्टरला दाखव.

आई : सरलाताई, चार महिन्यांचं पोर ते. मान धरून किती दिवस झाले? दवाखान्यात नेलं की काही ना काही काढतातच ते लोक.

सरलाकाकू : काढू देत. नाही काही निघालं तर मी तुम्हाला मिरजेला मिठाई पाठवते.

आई : थट्टा नका करू. मी रोज बघते तिला. दिवसभर बघते. तुम्ही आज पहिल्यांदा आलात.

सरलाकाकू : तुम्हाला तिचा चेहरा दिसतो, विहीणबाई. सपाट झालंय ते मागून, उशीकडच्या बाजूला. ते तुम्हाला तिथून दिसणारच नाही.

आई : केतकी, फोन सरळ कर.

केतकी : केला. दिसतेय का?

आई : दिसतेय. यशोधनला विचारलंस का?

केतकी : शिलाँगला रेंज असेल तेव्हा विचारते. बदली झाल्यापासून त्याचं एकच, 'आईंना विचार, त्यांना अनुभव आहे.' तुला विचारलं की तू म्हणतेस थांब. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर एक म्हणते डोकं गोल व्हायला हेल्मेट लागेल, दुसरी म्हणते कुछ नहीं होता यार. तिचं डोकं हातात घेऊन मी नुसती बसून राहते. मी उगाच घाबरतेय की आळस करतेय, तेच कळत नाही मला. कुणीतरी समोर बसून, तिला हात लावून सांगा ना मला!

सरलाकाकू : रडू नकोस. आज मी इथेच राहते, उद्या सकाळी दोघी नेऊ तिला. आणि मला आधी का नाही बोलावलंस? एकाच दिल्लीत राहतो ना आपण?

केतकी : तुमचे गुडघे दुखतात म्हणून...

सरलाकाकू : गुडघे माझे आहेत. त्यांचं मी बघते. तू फोन करायचास, बस्.

आई : न्या. तुम्ही दोघींनी ठरवलंच आहे, तर न्या. मी काय, लांबची.

(दुसऱ्या दिवशीची दुपार. काकू घरी परत गेल्या आहेत.)

आई : किती वेळ गं! सकाळपासून लावतेय. मला वाटलं, आता फोन करतच नाहीस तू.

केतकी : दवाखान्यात नंबर उशिरा लागला. मग काकूंना रिक्षात बसवून दिलं. ही आत्ता दूध पिऊन पडलीय.

आई : काय निघालं?

केतकी : मानेचा एका बाजूचा स्नायू आखडलाय जरा. ती सारखी एकीकडेच वळते आणि त्याच बाजूवर पडून असते, म्हणून डोकं चपटं झालंय. घाबरण्यासारखं नाही म्हणाल्या डॉक्टर. मानेचे व्यायाम शिकवलेत, जागी असताना पालथं घालायचं. झोपवायचं मात्र उताणंच. आणि मोहरीची उशी काढायला सांगितली. कुठलीच उशी नको म्हणाल्या.

आई : फार उशीर केला का गं आपण?

केतकी : नाही. इतक्या लहानपणीच आणलंत ते बरं झालं म्हणाल्या. पण एक बोलल्या, 'पहले दिखाओ, फिर इंतज़ार करो.' आपण उलटं करत होतो.

आई : आपण कसलं. मीच थांब थांब म्हणत होते. बरं... आणि फोनचं?

केतकी : काय फोनचं?

आई : बंद करायला सांगितला असेल. सांग तू सरळ. मी काही रडणार नाही.

केतकी : आई, म्हणून तू डॉक्टर नको म्हणत होतीस?

आई : मला वाटलं, गेलात की पहिलं हेच काढतील. यांची वाचा गेल्यापासून या घरात कुकरची शिट्टी सोडली तर आवाज नाही बघ. हे नुसते बघत राहतात माझ्याकडे. दिवसभर मी जे बोलते ते तुझ्याशी, नाहीतर तिच्याशी. ती 'उं' म्हणते ना, तेवढंच कुणीतरी उलटून बोलतं माझ्याशी. ते गेलं तर मी काय करू, असं झालं मला.

केतकी : अगं, मला सांगायचंस ना.

आई : तुला काय सांगायचं? तुझं तुला थोडं आहे का?

केतकी : मला पण तीच भीती होती. इथे बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची. हवा इतकी वाईट की खिडक्यासुद्धा बंद. तू तिकडे भाजी चिरतेस ना, तो आवाज ऐकत मी दुपारी पडते. फार एकटं वाटतं गं मला इथे. फोन तिच्यासाठी नव्हताच आई. माझ्यासाठी होता.

आई : बाई गं माझी. मग? काय म्हणाल्या त्या?

केतकी : मी सगळं सांगितलं त्यांना. हसल्या. म्हणाल्या, 'नानी को दूसरी तरफ़ बिठाओ.'

आई : एवढंच?

केतकी : एवढंच. काकूंनी जाता जाता मार्केटमधून लांब वायर घेऊन दिली. थांब, तुला भिंतीकडे नेते. पडशील, हलू नकोस.

आई : मी कशाला पडतेय! सावकाश... हां. अगं, हे काय? ही बाजू मी कधी बघितलीच नव्हती. मला आपली ठमाबाई आणि तिच्यामागची भिंत दिसायची, आणि तुझा नुसता आवाज यायचा. पलंगावर हा कपड्यांचा ढीग कसला?

केतकी : धुतलेलेच आहेत. घड्या घालायच्या राहिल्यात. ती यशोधनची बाजू आहे, रिकामी बघवत नाही.

आई : आणि ते ताट? तसंच झाकलेलं?

केतकी : सकाळी काकूंनी वाढून ठेवलं होतं. निघायच्या गडबडीत राहिलं.

आई : मला तर रोज जेवले म्हणून सांगतेस. किती वाळलीस गं केतकी! तुझा हात बघ केवढासा झालाय.

केतकी : आई, माझं सोड. तिला हाक मार आधी.

आई : ठमाबाई! ए देविका! आजी इकडे... कुठे बघतेय ती?

केतकी : जुन्या जागेकडे. रोज तिथून बोलायचीस ना तू.

आई : तिथे कुणी नाहीये गं बाळा. आजी इकडे आलीये, इकडे. वळली का?

केतकी : डोळे वळले. मान नाही वळली अजून.

आई : वळेल. मी बोलत बसते, मला कुठे जायचंय? तू ते ताट घे, भात गरम कर आणि इथे माझ्यासमोर बसून जेव. आता तू दिसतेस मला.